घरातली शाळा : पहाटे, रात्री आणि चिखलाच्या अंगणात

१/
धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव आहे. तिथली एक कथा महाराष्ट्राला पाठ आहे. गोरोबा कुंभारांची पत्नी पाणी आणायला निघाली. रांगते मूल अंगणात होते, म्हणून तिने नवऱ्याला त्याच्याकडे लक्ष ठेवायला सांगितले. गोरोबा चिखल तुडवत होते. मुखात विठ्ठलाचे नाम होते आणि मनही त्यातच गुंतले होते. मूल रांगत चिखलात आले आणि बापाच्या पायांखाली तुडवले गेले. ती घागर घेऊन परतली, तेव्हा अंगणात मूल नव्हते.

२/
कथेचा शेवट पंढरपुरात होतो आणि मूल परत मिळते. महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’सारख्या ग्रंथांनी अशा संतकथा घराघरांत पोहोचवल्या. भाविकांसाठी ही तन्मयतेची कथा आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तिच्यात एका कष्टकरी घराची सकाळ दिसते. पाणी, माती, मूल आणि नाम या चारही गोष्टींना एकाच अंगणात, एकाच वेळी लक्ष हवे आहे, आणि माणसे दोनच आहेत.

३/
घरी शिकणे आणि शिकवणे हा विषय आज नवा वाटतो. प्रत्यक्षात तो शाळेहून जुना आहे. घराचा गाडा ओढताना त्याच घरात विद्येला जागा कशी केली गेली? त्यासाठी लागणारा वेळ कुठून आला आणि तो कोणाच्या वाट्यातून गेला? तेरच्या अंगणापासून पुण्याच्या वाड्यांपर्यंत आणि तिथून पुन्हा धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यापर्यंत या धाग्यात हाच माग घ्यायचा आहे.

४/
तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात या नगराचा उल्लेख आहे आणि इथून भडोच बंदराकडे जाणाऱ्या कापडाचीही नोंद आहे. उत्खननात सापडलेल्या मृण्मूर्ती आणि भांडी गावच्या संग्रहालयात पाहायला मिळतात. ज्या हातांनी हा माल घडवला, ते कोणत्या शाळेत शिकले? उत्तर सरळ आहे. ते घरी शिकले. कारागिराचे घर हेच कारागिराचे विद्यालय होते.

५/
कुंभाराच्या घरात मुलाचे शिक्षण चाकापासून सुरू होत नाही. आधी माती ओळखायची, खडे वेचायचे, चिखल तुडवायचा. मग कच्च्या भांड्यावर थापटणे कसे चालते ते पाहायचे. आवा रचताना मोठ्यांच्या हाताखाली उभे राहायचे. चाकावर हात बसायला वर्षे जातात. या शिक्षणाला वेगळा वेळ काढावा लागत नाही, कारण काम हाच धडा असतो. घरकाम आणि अभ्यास यांची ओढाताण इथे जवळजवळ नसते.

६/
तेरशी जोडलेली दुसरी कथा हेच सांगते. गोरोबांच्या भोवती संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईने थापटण्याकडे पाहून हे काय आहे, असे विचारले. मडके कच्चे की पक्के ते याने कळते, असे गोरोबा म्हणाले. मग याने आमचीही परीक्षा घ्या, असा आग्रह झाला. सर्वांनी थाप निमूट सोसली, नामदेव मात्र रागावले. ते मडके कच्चे ठरले आणि पुढे विसोबा खेचरांकडे गुरूच्या शोधात गेले. कथा घडली की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरते. लोकांच्या स्मरणातली ही परीक्षा कुंभाराच्या रोजच्या हत्याराने झाली.

७/
या घरच्या विद्येला एक कुंपणही होते. घराला जे येते, तेवढेच घर शिकवू शकते, आणि घराला काय यावे हे जातीने ठरवलेले होते. अक्षरविद्या मोजक्या घरांत होती. त्या घरांतले मुलगे पंतोजीकडे धुळाक्षरे गिरवत. मुलींना अक्षर शिकवले तर वैधव्य येते, ही समजूत एकोणिसाव्या शतकातही घट्ट होती. म्हणून जेव्हा काही घरांनी मुलींना आणि सुनांना लिहायला-वाचायला शिकवायचे ठरवले, तेव्हा एक नवीच अडचण उभी राहिली. अक्षराचा धडा स्वयंपाकात किंवा दळणात मिसळत नव्हता. त्याला वेगळा वेळ हवा होता, आणि घरातल्या बाईच्या दिवसात मोकळा वेळ कुठेच नव्हता. तो कसा काढला गेला, हे तीन घरांच्या उदाहरणांतून स्पष्ट होते.

८/
पहिले घर अनंतशास्त्री डोंगरे यांचे. तरुणपणी ते पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकत होते. साठेशास्त्री दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवत. स्त्री संस्कृत बोलते, हे पाहून या विद्यार्थ्याला नवल वाटले आणि आपल्या घरीही हे घडावे असे त्याने ठरवले. पहिल्या पत्नीच्या बाबतीत वडीलधाऱ्यांच्या विरोधापुढे ते जमले नाही. पुढे दुसरी पत्नी लक्ष्मीबाई हिला त्यांनी शिकवले. विरोधापासून दूर राहता यावे म्हणून पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या अरण्यात बिऱ्हाड थाटले. तिथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

९/
अरण्यातल्या त्या घराला एकांत ठाऊक नव्हता. शास्त्रीबुवांकडे विद्यार्थी राहत, अतिथी आणि यात्रेकरू येत. त्या सर्वांच्या जेवणाखाणाची आणि मुलाबाळांची जबाबदारी लक्ष्मीबाईंवर होती. रमाबाई काही महिन्यांची असतानाच घराची आर्थिक घडी मोडली आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. तान्ह्या रमाबाईला वेताच्या पेटाऱ्यात ठेवून नेण्यात आले. पुढची अनेक वर्षे घर असे नव्हतेच. देवळांच्या आवारात पुराण सांगायचे, मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करायची आणि पुढचे तीर्थ गाठायचे. वडील थकत चालले होते, म्हणून मुलीला शिकवण्याचे काम आईकडे आले.

१०/
लक्ष्मीबाईंनी वेळ शोधला तो पहाटेचा. दिवस उजाडला की कामांची रांग लागणार हे ठरलेले होते. म्हणून त्या मुलीला उजाडण्यापूर्वी, लाडाने बोलत जागे करीत आणि जवळ घेऊन पाठ म्हणून घेत. समोर पोथी नसे. आईने चरण म्हणायचा आणि मुलीने तो परत म्हणायचा. पाखरांचा पहिला किलबिलाट सुरू होई, तोवर त्या दिवसाची शाळा सुटलेली असे. सुमारे आठ वर्षांच्या वयात सुरू झालेला हा क्रम वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत चालला. भागवताचे हजारो श्लोक या मार्गाने मुखोद्गत झाले.

११/
पहाट का निवडली, याचा विचार करण्यासारखा आहे. त्या वेळेवर पतीचा, पाहुण्यांचा, चुलीचा किंवा देवपूजेचा हक्क अजून सांगितला गेलेला नसे. दिवसातला तेवढाच एक तुकडा आईच्या हाती होता. तो मात्र तिच्या स्वतःच्या झोपेतून कापलेला होता. अभ्यास आणि संसार यांचा समतोल साधला असे वरवर म्हणता येते. हिशेब मांडला तर तराजूच्या एका पारड्यात लक्ष्मीबाईंची विश्रांती टाकलेली दिसते.

१२/
१८७४ मध्ये दुष्काळ आणि उपासमार यांत आई-वडील दोघेही गेले. रमाबाई आणि बंधू श्रीनिवासशास्त्री पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी या तरुण स्त्रीचे संस्कृत ऐकून तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तिने एकाही शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. १८८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेले ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक तिने आईच्या स्मृतीला अर्पण केले. पदव्यांमागे कोणाच्या पहाटा होत्या, हे लेकीला पुरते ठाऊक होते.

१३/
दुसरे घर पुण्यातले, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे. डिसेंबर १८७३ मध्ये देवराष्ट्रे इथल्या कुर्लेकरांची अकरा वर्षांची यमुना सून म्हणून या घरात आली आणि रमाबाई झाली. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी पहिल्या पत्नीच्या निधनानंतर वडिलांच्या आग्रहाखातर एका लहान मुलीशी लग्न केले, याबद्दल त्यांच्यावर टीका झाली आणि ती रास्त होती. लग्नानंतर त्यांनी या मुलीला मुळाक्षरांपासून शिकवायला सुरुवात केली. तिच्या माहेरी मुलींनी शिकण्याची चाल नव्हती, त्यामुळे पाटी पूर्ण कोरी होती.

१४/
हे घर एकत्र कुटुंबाचे होते. सासू, आत्या, नणंद, नात्यातल्या इतर बायका आणि येणारे-जाणारे, असा मोठा गोतावळा होता. दिवस सगळा त्यांच्या हाताखालच्या कामात जाई. धडा होई तो रात्री, निजानीज झाल्यावर. सकाळी खालच्या मजल्यावर त्याच धड्याबद्दल टोमणे ऐकावे लागत. पतीला दिलेले वचन मोडायचे नाही आणि वडीलधाऱ्या बायकांना उलट उत्तर करायचे नाही, असे दुहेरी व्रत रमाबाईंनी पत्करले. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० च्या पुस्तकात त्यांनी हे दिवस कोणावरही चिडून न उठता, पण काहीही न झाकता लिहिले आहेत.

१५/
त्या बायकांना खलनायिका ठरवणे सोपे आहे. इतिहासाने थोडे थांबून पाहायला हवे. घरातल्या कामाचा ढीग ठरलेला होता. धाकटी सून रात्री जागून सकाळी थकलेली उठली, तर तिच्या वाट्याचे काम दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडणार होते. शिवाय ज्यांना बालपणीच अक्षर नाकारले गेले, त्यातल्या कित्येकींना वैधव्याने आणखी बरेच काही नाकारले, त्यांच्याकडे मान मिळवण्याची एकच जागा उरली होती, ती म्हणजे स्वयंपाकघर आणि सोवळेओवळे. तिथली शिस्त एक नवी मुलगी पुस्तकाच्या जोरावर मोडते आहे, असे त्यांना दिसले. या शिक्षणात त्यांच्यासाठी काहीच नव्हते. किंमत मात्र त्यांच्याकडूनही मागितली जात होती.

१६/
पुढे इंग्रजी शिकवायला एक ख्रिस्ती शिक्षिका घरी येऊ लागली, तेव्हा ताण आणखी वाढला. बाईंशी स्पर्श झाला म्हणून धड्यानंतर रमाबाईंना आंघोळ करावी लागे. खरी मोकळीक मिळाली होती ती बदल्यांच्या काळात. १८७८ मध्ये रानड्यांची नाशिकला आणि त्यानंतर धुळ्याला बदली झाली. बिऱ्हाड लहान होते आणि दिवसाची आखणी रमाबाईंच्या हाती होती. अभ्यासाने तिथे वेग घेतला. शिकणारी तीच होती, शिकवणाराही तोच होता. बदलले होते ते घरातल्या वेळेवरचे नियंत्रण.

१७/
तिसरे घर गोपाळराव जोशी यांचे. टपाल खात्यातल्या या कारकुनाने कल्याणच्या नऊ वर्षांच्या यमुनेशी लग्न केले, तेच मुळी तिला शिकवण्याच्या अटीवर. ती पुढे आनंदीबाई झाली. इतर घरांत पुस्तक हाती घेतले म्हणून सून बोलणी खाई. इथे उलटा न्याय होता. अभ्यास सोडून घरकामात रमली म्हणून मार बसे. लहान वयात सोसलेला मार, अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तके, सोडून जाण्याच्या धमक्या यांचा उल्लेख आनंदीबाईंनी पुढे गोपाळरावांनाच लिहिलेल्या पत्रात केला आहे. त्याच पत्रव्यवहारात कृतज्ञताही आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

१८/
चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि काही दिवसांतच तो दगावला. वैद्यकी शिकण्याचा निश्चय या दुःखाशी जोडला जातो. १८८३ मध्ये त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून त्यांनी एम.डी. पदवी घेतली. मायदेशी परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. वय वर्षे एकवीस. काशीबाई कानिटकरांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले. घरच्या शाळेत शिक्षक हाच नवरा आणि नवरा हाच घराचा धनी असला, की विद्यार्थिनीला तक्रार करायला दार उरत नाही, हे या घरातून कळते.

१९/
तिन्ही घरांत यश आले म्हणून ती आज आठवतात. पण या घरांतून बाहेर पडलेल्या स्त्रियांनी पुढे काय मागितले, ते महत्त्वाचे आहे. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. रमाबाई रानडे त्यांच्या सभांना जाऊ लागल्या, त्यावरून वाड्यात पुन्हा वादळ उठले. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि स्त्रियांसाठी प्रशिक्षित शिक्षिका व स्त्री-डॉक्टर हवेत असे सांगितले. १८८४ मध्ये मुलींची हुजूरपागा शाळा सुरू झाली, तिच्या संस्थापकांत न्यायमूर्ती रानडे होते. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदन उभे राहिले. घरच्या शिक्षणाच्या सर्वांत तेजस्वी विद्यार्थिनींनी आपली सगळी शक्ती घराबाहेरच्या संस्था उभारण्यात लावली.

२०/
त्यांच्या आधीपासून हे सांगणारे दुसरे एक घर होते. जोतीरावांनी सावित्रीबाईंना घरी शिकवले आणि १८४८ मध्ये दोघांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. घरचा धडा पुरेसा आहे असे त्यांनी मानले नाही, कारण बहुसंख्य घरांत धडा देणारेच कोणी नव्हते. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला. तिच्या घरी पहाटे उठवून श्लोक देणारी आई असूच शकत नव्हती, कारण त्या आईच्या आईलाही अक्षर नाकारलेले होते. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाकडे निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, ती या घरांसाठी.

२१/
आता पुन्हा धाराशिवकडे. वरच्या सर्व हालचाली इंग्रजी मुलखातल्या आहेत. धाराशिवचा प्रदेश १८५३ ते १८६० ही वर्षे वगळता निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. घरात मराठी आणि दरबारात उर्दू, अशा स्थितीत मराठी अक्षर टिकवण्याची जबाबदारी पुष्कळशी घरावर, कीर्तनावर आणि गावातल्या पंतोजीवर येऊन पडली. १९२० च्या दशकात खासगी शाळांवर सरकारी परवानगीचे बंधन आले आणि वाट आणखी अरुंद झाली.

२२/
अशा काळात, १९२१ मध्ये, आजच्या लोहारा तालुक्यातल्या हिप्परगा या आडवळणी खेड्यात व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा सुरू केली. इथे प्रश्नाची मांडणीच बदलली. घरात शाळा बसवण्याऐवजी शाळेचेच घर करण्यात आले. दूरच्या गावांतून आलेली मुले तिथे राहत आणि शिक्षकांचा सहवास वर्गापुरता नसे. १९२९ च्या सुमारास व्यंकटेश भगवानराव खेडगीकर हे तरुण कार्यकर्ते मुख्याध्यापक म्हणून आले. कामगार चळवळीत काम करून, आजारपण सोसून ते या खेड्यात पोहोचले होते. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांना लाभले.

२३/
१९३२ मध्ये खेडगीकरांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ मध्ये ते अंबाजोगाईला गेले आणि तिथल्या योगेश्वरी विद्यालयाच्या उभारणीत लागले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व पुढे त्यांच्याकडे आले. शिक्षणासाठी आयुष्य देण्याचा हा मार्ग थोर आहे, पण तो संन्याशाचा आहे. त्याने तराजूचे एक पारडेच उचलून बाजूला ठेवले. ज्याला चूल, मूल, म्हातारे आई-वडील आणि शेत सांभाळून शिकवायचे आहे, त्याच्यासाठी हा मार्ग खुला नसतो. लक्ष्मीबाई डोंगऱ्यांना संन्यास घेऊन रमाबाईला शिकवता आले नसते.

२४/
१ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वयाच्या मुलांच्या शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला. शाळा हा मुलांचा हक्क ठरला. आणि मार्च २०२० मध्ये महासाथीने सगळ्या शाळा बंद केल्या, तेव्हा प्रत्येक घर एकाएकी शाळा झाले. जुना प्रश्न पुन्हा समोर आला. घरात फोन एक, मुले दोन किंवा तीन, रानातले काम थांबत नाही आणि मुलांजवळ बसणार कोण? जिथे शिकलेली आई किंवा आजोबा होते, तिथे धडा झाला. धाराशिव-बीडकडची ऊसतोड कुटुंबे तर महासाथ नसतानाही दरवर्षी हंगामाला बिऱ्हाड उचलतात. त्यांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहे चालवण्याची योजना आहे, कारण उसाच्या फडात पहाट मोकळी नसते. तोड पहाटेच सुरू होते.

२५/
या सगळ्या घरांकडे एकत्र पाहिले, तर एक गोष्ट ठळक होते. घरच्या शिक्षणाला फी नसते असे म्हणतात. ती असतेच, फक्त पावती मिळत नाही. डोंगऱ्यांच्या घरी ती आईच्या झोपेतून गेली, रानड्यांच्या घरी धाकट्या सुनेच्या रात्रीतून आणि थोडी इतर बायकांच्या कष्टांतून, जोश्यांच्या घरी एका मुलीच्या बालपणातून. जिथे घराने कामाची वाटणी बदलली किंवा बिऱ्हाड हलके झाले, तिथे तोच धडा सोपा झाला. आज घरी मुलांना शिकवू पाहणाऱ्या कुटुंबाने अभ्यासक्रम निवडण्याआधी हा हिशेब करायला हवा. पाठ घेणारी व्यक्ती कोणते काम सोडणार आहे आणि ते काम उचलणार कोण?

२६/
तेरच्या कथेत गोरोबांच्या पत्नीचे नाव संती असे येते. तिने काही मोठे मागितले नव्हते. पाणी घेऊन येईपर्यंत मुलाकडे एवढे लक्ष ठेवा, इतकेच तिचे म्हणणे होते. गावात आज गोरोबांचे मंदिर आहे, तिथे यात्रा भरते, भजने होतात. तेरला गेलात तर संग्रहालयातल्या मातीच्या वस्तू जरूर पाहा. त्या घडवणाऱ्या घरांत कोणी चिखल तुडवला आणि कोणी चाक फिरवले असेल, याचा विचार आपोआप मनात येतो. त्या वेळी पाण्याला कोण गेले होते, हेही स्वतःला विचारून पाहावे.

(धागा समाप्त)